भिंतीतलं भोक

दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं कपाळ धरून बसलं होतं.

"डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरी असले की माझं डोकं ठणकतं, बहिणीकडे गेले की थांबतं. कारण कोण, ते त्यांना लगेच कळेल."

"सांगतो ना. तू बहिणीकडे गेलीस की माझंही थांबतं."

"मी नसताना करता काय एवढं?"

"काही नाही. खिडकी उघडून निवांत बसतो."

"एवढ्या थंडीत खिडकी? म्हणजे सिगारेट पुन्हा सुरू!"

"एखादी गं."

"आणि मी असले की खिडकी बंद, गॅसचा हीटर चालू, दोघं आत कोंडलेले. अहो, हीटरवाल्याने भिंतीत भोक ठेवलं होतं ना, ताज्या हवेसाठी?"

"त्यातून गार वारा यायचा."

"यायचा? आता येत नाही?"

"तुझी जुनी शाल कोंबलीय. चांगली घट्ट."

"माझी शाल! अहो, ती जावेने ढापली म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलंय!"

"तेवढीच घरात शांतता."

"तरीच मांजर हल्ली बाहेर पायरीवर झोपतं. मला वाटलं, तुमच्या घोरण्याला कंटाळलं."

"मला वाटलं, तुझ्या बडबडीला."

"घरी गेल्यागेल्या आधी ती शाल उपसा. तोवर हीटरला हात लावलात तर बघा!"

"बरं बाई. चल, नंबर आला. डॉक्टरांना आता काय सांगू?"

"सांगा, घरात आम्ही तिघं. त्यातलं अक्कल असलेलं बाहेर झोपतं."