खिळ्यावरचा नान

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या दारू सोडवण्याच्या दवाखान्यात मी भावाला घेऊन बसलो होतो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने शेजारच्या तरुणाला ओळखलं.

"मुझफ्फर, तू इथे? तुझी तर सुटली होती!"

"सुटली होती, सोत्तीअका. दोन वर्षं. पहाटे उठून कालव्यावर चालायलाही जायचो. मग भाचीच्या लग्नात एक पेला घेतला."

"एकच?"

"त्या दिवशी एकच."

"असू दे, परत आलास ना. मी चौथ्यांदा आलोय, माझ्याकडे बघून धीर धर. घाबरतोस कशाला? डॉक्टरीणबाई काही खात नाही."

"भीती तिची नाही, घरची आहे. गेल्या वेळी इथे यायला निघालो, तेव्हा बायकोने नान पुढे धरला. म्हणाली, चावा घ्या, उरलेला परत येऊन संपवा. आणि भिंतीवर खिळ्याला टांगला."

"आमच्या हिनेही टांगला होता. घर सोडून निघालेला माणूस परत येतो त्याने."

"या वेळी तिने धरलाच नाही. काल मीच चावा घेतला, मीच टांगला."

"मग झालं की!"

"आज निघताना बघतो, तर त्याच नानाला आणखी एक चावा. एवढासा. आमच्या लेकीचा, दिल्दोराचा."

"अरे, पोर आहे. भूक लागली असेल."

"अका, खिळा पार छताजवळ आहे. तिला कुणीतरी उचलून धरलं असणार."

"...आणि बायकोचा चावा? तोही होता?"

"नान खाली काढून बघायचा धीर झाला नाही."