गोल कोपऱ्यांचं पहिलं पान

...आणि वर मलाच म्हणतात, "अनंतराव, तुम्हाला नजरच न्हाई!" अहो, भूकंपात किल्लारीच्या ढिगाऱ्यावर बसून बातम्या लिहिल्या मी, आणि आता लातुरातला क्लासवाला मला कोपरा शिकवून राहिला! मी म्हणतो, चौकोनाला कोपरे असतात, असू द्या की!

तुम्हाला सांगतो, माझी पहिल्या पानाची बातमी तयार होती. किल्लारीकडच्या एका गावात, भूकंपानंतर बांधलेल्या शाळेच्या छताला ही एवढी भेग! तिथली आजी सरजाबाई म्हणाली, "दादा, एकदा लेकरं मातीतून उकरून काढलीत. झाडाखाली बसंल माझा नातू, पर त्या छताखाली न्हाई!" दुसऱ्या दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांची बैठक. बातमी त्याच सकाळी छापून आली तर छताचं काही होणार, नाही तर आणखी एक वर्ष वाया...

आणि नेमका आदल्या दुपारी दहावीचा निकाल लागला! क्लासचे राघवेंद्र सर पेढे घेऊन हजर. आख्खं पहिलं पान जाहिरातीला! पोरांचे फोटो चौकटीत, ज्याला मार्क जास्त त्याची चौकट मोठी. आणि कोपरे? गोल! आमची पानं लावणारी महामाया संगणकावर कोरल उघडून बसलेली. तिनं सगळ्यांना एकच गोलाई दिली. झालं! लहान चौकटी औषधाच्या कॅप्सूलसारख्या, मोठी मात्र चौकोनीच दिसायला लागली. सर किंचाळले, "अगं, पहिला आलेला टोकदार अन् शेवटचा गुळगुळीत? पालक काय म्हणतील?" तिनं लहान चौकट धरून ताणली, तर कोपरे लांबुळके, अंड्यासारखे! "सर, ओढलं की असंच होतंय. पुन्हा काढावं लागंल." "मग काढ की!" काढ, पूस, काढ, पूस... अहो, चौकोनाला कोपरे असतात, असू द्या की! पण ऐकतो कोण?

माझी बातमी? संपादक म्हणाले, "उद्या घेऊ." उद्या बैठक उरकल्यावर काय तिचं लोणचं घालू?

सरांनी जाहिरात आधीच व्हॉट्सॲपवर फिरवलेली; तेवढ्यात त्यांना नांदेडच्या क्लासवाल्याचा फोन. "तुमच्या जाहिरातीतली ती देविका आमची हाय! फोटो काढा, न्हाई तर कोर्टात या!" सरांचा चेहरा पडला. एक चौकट रिकामी! मी झडपच घातली, "ती मला द्या!" सर म्हणाले, "घ्या, पण कोपरे गोलच पाहिजेत. डिझाइन बिघडतंय." महामायेनं बातमी आत बसवली आणि म्हणाली, "काका, पहिल्या नंबराच्या पोरावानी कोपरे केलेत बघा तुमचे!" खोटं कशाला बोलू, दिसत होती झकास.

सकाळी शिक्षणाधिकाऱ्यांना विचारलं, "वाचलंत?" म्हणाले, "जाहिराती वाचायला वेळ कुठाय हो?"

हात चोळत कचेरीत आलो, तर फोन खणाणतोय.

"हॅलो, त्या गोल चौकटीतली किल्लारीकडची शाळा... अकरावी सायन्सला ॲडमिशन सुरू हाय का?"

मी म्हणालो, "अहो, तिथं छताला भेग पडलीय!"

"हाव, वाचलं की. भेगेचं चालतंय आमाला. निकाल कसा हाय ते सांगा!"