गळक्या नळाचा डॉक्टर

...नाही, पण मी म्हणतो, नळ गळतोय तर गळू द्यावा ना माणसानं! तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरातल्या त्या नळाला मी महिनोन् महिने कुणाला हात लावू दिला नव्हता. खाली मायक्रोफोन, ओट्यावर लॅपटॉप, थेंबान् थेंबाची वेळ टिपणं चाललेलं, आणि मी जरा कॉलेजात तास घ्यायला गेलो तर सासूबाईंनी वॉशर बदलून घेतला! वर कौतुकानं मलाच म्हणतात, "बघा जावईबापू, आता टिपूस नाही!" अहो, ते टिपूस म्हणजे माझं संशोधन होतं!... पण सांगणार कुणाला? आई तर पहिल्यापासून म्हणतेय, "सरळ गणित करायला काय झालं होतं रे तुला?"

नॉनलिनिअर गणित म्हणतात याला, सरळ रेषेत न जाणारं. म्हणजे कारण एवढंसं आणि परिणाम एवढाऽऽ मोठा! नळ कसा शिस्तीत ठिबकत असतो, टप, टप, टप... तो केसभर जास्त सोडा, की टपटप... टप... टपटपटप... ताल सुटला! मग दोन-चार थेंबांपुढचं कुणाच्या बापाला सांगता येत नाही. एवढं सिद्ध करून मी डॉक्टर झालो, आणि शेजारचे काका जिन्यात गाठून विचारतात, "डॉक्टर ना तुम्ही? मग नळ बरा का होत नाही?" सरळ गणित करायला काय झालं होतं!

आणि नोकरी? तात्पुरती! बसायची जागा झेरॉक्स मशीनच्या खोलीत, मी विचार करायला लागलो की ते घरघरायला लागतं. एका गावात वर्ष काढायचं, की निघाले पुन्हा खोके बांधायला. या खेपेला मुलाखतीला निघालो तर बायको म्हणाली, "या वेळी कायम होऊ दे रे बाबा. पत्ता विचारला की मला आधी आठवावा लागतो."

बरं, मुलाखत झकास चालली होती! शेवटी विभागप्रमुख बाईंनी गोड आवाजात विचारलं, "पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठं पाहता?" आता शहाणा माणूस काय म्हणेल? "इथंच, मॅडम!" संपला विषय! पण मी?... मी उठलो, फळ्याशी गेलो आणि खडू उचलला! म्हटलं, मॅडम, प्रश्नच चुकीचा आहे, सुरुवातीला इवलीशी चूक, मग ती दुप्पट, मग तिची दुप्पट, माणसाचं आयुष्यही नळासारखंच, सहा महिन्यांपुढचं जो सांगतो तो शुद्ध थापा मारतो! बाई मान डोलावतायत, मला आणखी चेव!... काय करून बसलो ते जिना उतरताना कळलं. सरळ उत्तर द्यायला काय झालं होतं?

काल बाईंचा फोन आला. "अभिनंदन! तुमचा मुद्दा समितीला शंभर टक्के पटला." एवढ्या वर्षांत माझं गणित पहिल्यांदा कुणाला तरी पटलं हो!... नेमणूक दिलीय.

सहा महिन्यांची.