पांढरी चार

हॅलो?… हो, बाबाजीच बोलतोय. कोण?… नम्रता! अगं, अमेरिकेतून? तुमच्याकडे आत्ता कुठे उजाडत असेल… बरं झालं, फोन केलास. तुझ्या बाबांचं ते जुनं पत्र, सिंफनीच्या रेकॉर्डबरोबर आलेलं… ज्याला मी कधी उत्तरच पाठवलं नाही… हो, तेच. लिहिलं उत्तर! हातातच आहे. रत्नागिरीच्या पोस्टाच्या दारात उभा आहे बघ. भागोजी पोस्टमन पेटी रिकामी करतायत.

काय?… हो, हो… अगं ऐक ना आधी. जन्मात मी फोनवर एवढा बोललो नाही. आज बोलू दे.

तू परवा हॉस्पिटलातून ती सिंफनी मोबाईलवर पाठवलीस ना, बाबा हीच ऐकतायत म्हणून? मी लावली, तर वाटलं मोबाईलच बिघडला. केवढी जलद! तिसरा भाग तर चक्क नाचत होता. माझ्या रेकॉर्डवर तो तिरडीमागून चालल्यासारखा चालायचा गं. व्हायोलिनं तर पडसं झाल्यासारखी… हसली नाहीस?… बरं, पुढे ऐक.

तुझ्या बाबानं, सुहासनं, पत्रात काय लिहिलान? “तिसरा भाग ऐक, अंगणात पोरं नाचतायत असं वाटतं. कान तुझा तयार, माझा नाही. तुला काय ऐकू येतं ते कळव.” आता काय कळवणार? मला तर रडणं ऐकू येत होतं. कव्हरवर लिहिलेलं, एफ मेजर. म्हणजे आपल्या हार्मोनियमची चौथी पांढरी पट्टी, पांढरी चार. माझ्याकडे सूर लागायचा पांढरी दोनला, तोही जरा खालीच… हो ना! हार्मोनियम चिपळूणला नेऊन तपासून आणली. ठीक होती. म्हणजे बिघडला तो माझा कान… नाही गं, पडताळायला दुसरी रेकॉर्ड होती कुठे माझ्याकडे? खोटं लिहवेना, खरं लिहायची लाज. भजनात साथ करायचो, तीसुद्धा सोडली. मंडळी चिडवायची, बाबाजीला अमेरिकेचं वारं लागलं.

थांब, खरी गंमत पुढेच आहे. रेकॉर्डप्लेअर कोणी पाठवलान? त्यानंच, तिकडचा. काल तो उलटा केला. खाली पत्र्यावर लिहिलंय, साठ सायकल, म्हणजे सेकंदाला साठ हेलकावे घेणारी वीज; मोटरचा वेग त्यावरच ठरतो. आपली वीज पन्नासची! ट्रान्सफॉर्मर दिलान सोबत, पण तो व्होल्ट उतरवतो, सायकल थोडीच बदलतो? मोटर हळू, म्हणून लय हळू, म्हणून सूर खाली. इंजिनीअर माणूस, आणि एवढं विसरला! पहिलीच ओळ लिहिलीये, “गाढवा, माझा कान शाबूत होता.” वाचून किती हसेल…

नम्रता?… रडतेस का?

…काय?

…कधी?

…झोपेतच… हं.

…

भागोजी, जरा थांबा हो. कुलूप लावू नका.

हो… आहे, मी आहे. ऐकतोय… शेवटी काय म्हणाला?… पुन्हा सांग… “बाबाजीला नाही आवडली”?… इतकी वर्षं असं धरून बसला?… म्हणून घरात पुन्हा लावलीच नाही? हॉस्पिटलात तेवढी मागितलीन?… अगं, मला आवडली नाही असं कोण… मला वाटलं मलाच कळत नाही. आणि त्याला वाटलं…

नाही, नाही, तू कशाला माफी मागतेस? तू सांगतच होतीस. मीच बोलू दिलं नाही.

काय?… फोटो काढून पाठवू?… नको. त्यानं पत्र लिहिलं होतं, उत्तरही पत्रानंच जाऊ दे. नाव त्याचंच आहे पाकिटावर, ते तसंच राहील. तू फोड… हो, त्याच्या खोलीत बसून. आधी तिसरा भाग लाव. तुमच्याकडचा, बरोबर लयीतला. मग वाच… पहिली ओळ मात्र गाळ. आता बरं दिसणार नाही… नाही, थांब. ती गाळू नकोस. तीच मोठ्यानं वाच.

हो हो, भागोजी, झालंच. हे एवढंच आहे. परदेशचं. तोलून तिकिटं लावलीयेत. घ्या… घेताय ना?… ओढा थोडं. माझ्यानं सुटत नाहीये.

…हॅलो?… दिलं गं. आत्ताच पिशवीत टाकलं त्यांनी… ठेवतो.