स्वप्नालीच्या नावावर

भागीरथी : हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय आकाशचा.

स्वप्नाली : हळूच बोलतेय, मम्मी. माझा मोठा आवाज तू शेवटचा कधी ऐकलास?

भागीरथी : बरं, मग बालवाडीच्या मॅडम म्हणाल्या काय? नीट सांग. घेतात की नाही?

स्वप्नाली : म्हणाल्या, तुझा कोर्स चांगला झालाय, गाणी पाठ आहेत, अक्षर वळणदार आहे. पण आमच्याकडे तीन-तीन वर्षांची पोरं असतात, आणि तुला राग आला की तू वस्तू फेकतेस असं कानावर आलंय.

भागीरथी : कोणी घातलं कानावर?

स्वप्नाली : त्यांनी चौकशी केली. शेजारी.

भागीरथी : लोकांना उद्योग नाहीत.

स्वप्नाली : आहेत की. तूच दिलेत. मिक्सरचं भांडं खिडकीतून खाली गेलं, तेव्हा शेजारच्या गयामावशीला काय सांगितलंस?

भागीरथी : इतकं जुनं कोणाला आठवतं?

स्वप्नाली : "आमच्या स्वप्नालीला राग आवरत नाही." मी घरात नव्हते तेव्हा. पप्पांचा डबा द्यायला शहाडला गेले होते. परत आले तर अख्खी चाळ माझ्याकडे बघतेय. जणू काही मी शहाडवरून नेम धरला होता.

भागीरथी : ते जरा वेळेचं चुकलं.

स्वप्नाली : दाराची काच माझी. रेडिओ माझा. पप्पांचा चष्मा मी दोनदा फोडला. घरमालकाच्या स्कूटरची सीट ब्लेडनं फाडली, तीपण मीच. धाकट्या भावाच्या नावावर या चाळीत एक ग्लाससुद्धा नाही.

भागीरथी : त्याला शाळेतून काढला होता, विसरलीस? दुसरीत होता. बाकाखाली जाऊन बसला, तीन तास बाहेर येईना. ओढायला गेल्या त्या बाईंच्या हाताला चावला. मग दुसऱ्या शाळेचे लोक इथे विचारायला आले, घरी कसा असतो म्हणून. आणि आदल्याच रात्री काच फुटलेली, सगळ्यांनी आवाज ऐकलेला. काय सांगायला हवं होतं मी?

स्वप्नाली : मांजर.

भागीरथी : मांजर ओरडत नाही तसं. तू समजूतदार होतीस.

स्वप्नाली : समजूतदार म्हणून तापट झाले.

भागीरथी : तुला विचारूनच केलं मी. "बरं" म्हणालीस.

स्वप्नाली : नऊ वर्षांची पोरगी आणखी काय म्हणणार? मला वाटलं, एकदाच आहे.

भागीरथी : मलापण तेच वाटलं होतं गं.

स्वप्नाली : आज सकाळी कशावरून बिनसलं त्याचं?

भागीरथी : शुक्रवार. त्याच्या कारखान्याकडे, कॅम्प तीनला, लाइट नसते, म्हणून बंद. त्याला आदल्या रात्री सांगावं लागतं, ते काल राहिलं. सकाळी सहापासून डबा घेऊन दारात उभा. नाही जायचं म्हटल्यावर डोकं आपटायला लागला.

स्वप्नाली : पुढचं मला माहीत आहे. मीच होते समोर. दोन तास मटार सोलत बसले. तो शेंगा मोजत बसला की हळूहळू शांत होतो. दोनशे अकराव्या शेंगेला हसला. मग मी साडी नेसून इंटरव्ह्यूला गेले, आणि तिथे मॅडमनी विचारलं, लहान मुलं हट्टाला पेटली तर तुझा संयम टिकेल का?

भागीरथी : काय सांगितलंस?

स्वप्नाली : प्रयत्न करीन म्हटलं.

भागीरथी : घेतील. नाही घेतलं तर दुसरी बघू. बदलापूरला पण निघतायत बालवाड्या.

स्वप्नाली : बदलापूरचे लोक तरी चौकशीला कुठे येणार? इथेच ना, या चाळीत. मम्मी, ऐक. मॅडम आज पाच वाजता दुसऱ्या मुलीला हो म्हणणार आहेत. गयामावशी त्यांच्याकडे पोळ्या करायला जाते, आता निघेलच. तिला खरं काय ते सांग. ती मॅडमना सांगेल. बस, एवढंच.

भागीरथी : गयाबाईला? अगं, तिच्या अनंतानंच आकाशला जीन्सच्या कारखान्यात लावलाय. तिला कळलं तर अनंताला कळणार. अनंताला कळलं तर शेठला. चार महिने झाले, पहिल्यांदा कुठेतरी टिकलाय तो. डबा घेऊन जातो, माणसासारखा परत येतो. ते घालवू?

स्वप्नाली : माझं घालवतेस, ते?

भागीरथी : तुला दुसरं मिळेल. तू कुठेही उभी राहशील.

स्वप्नाली : हेच. मी उभी राहते म्हणून मला कोणी बस म्हणतच नाही. थकले मी, मम्मी. भांडतपण नाहीये. मला फक्त सकाळी चार तास अशा पोरांमध्ये बसायचंय, जी रडली तर आईसाठी रडतात.

गयाबाई : भागीरथी, निघाले गो मी मॅडमकडं. येताना दळान आनू का तुजं?

स्वप्नाली : मावशी, आत ये. मम्मीला तुला काहीतरी सांगायचंय.

भागीरथी : दळण नको.

स्वप्नाली : मम्मी.

भागीरथी : बसा की गयाबाई. चहा टाकते.

गयाबाई : चहा नको, बोल. तोंड का उतरलंय दोगींचं?

भागीरथी : ते आमच्या घरात अधूनमधून... म्हणजे आदळआपट होते ना...

गयाबाई : आकाश करतो. त्याचं काय?

भागीरथी : तुम्हाला कोणी सांगितलं?

गयाबाई : भिंतीनं. अर्ध्या इटेची भिंत हाय गो. अकरा वर्सं पोरगा वरडतो नि तू येऊन सांगतेस, पोरगी वरडली. मी म्हनते, असंल बाय, पोरीचा घसा बसला असंल.

स्वप्नाली : मग मॅडमना कशाला सांगितलंस, मी फेकते म्हणून?

गयाबाई : त्यांनी इचारलं, त्या घरात आदळआपट कोन करतं. घरची बाई जे सांगते त्येच शेजारनीनं सांगायचं. तुज्या आयेला खोटी पाडू का? शेजारधर्म हाय की नाय काय?

स्वप्नाली : म्हणजे सगळ्या चाळीला माहीत आहे.

गयाबाई : सगळ्या. तुमी बोलत नवता, मंग आमी कसं बोलायचं? तुजी आई इतक्या मेहनतीनं सांगायची, कुनाचं मन होईल मोडायला?

भागीरथी : आणि अनंताला?

गयाबाई : त्यानंच तर आकाशला मशिनीपासनं लांब, कोपऱ्यात बसवलाय. शेठला सांगून ठेवलंय, याला मागनं हाक मारायची नाय, पुढं येऊन बोलायचं. शेठ सिंधीत कायतरी पुटपुटला, पन ऐकतो. धागं कापायला दिलं तर पोरगा एक धागा सोडत नाय.

भागीरथी : मला वाटलं, कळलं की काढतील.

गयाबाई : काढतील पन कदाचित. आज तरी नाय काढलाय. आता बोल, मॅडमला काय सांगू? मी माज्या मनानं नाय सांगनार. तू म्हनशील त्येच. आकाशचं नाव घेऊ?

(भागीरथी ओट्याला टेकून उभी राहते. आतल्या खोलीत कॉट करकरते, पुन्हा शांत होते.)

गयाबाई : साडेचार झाले गो.

भागीरथी : मुलीचं नाव घेताना तोंड कधी अडलं नाही माझं.

स्वप्नाली : मम्मी, राहू दे. जा मावशी तू.

भागीरथी : थांबा. घ्या त्याचं नाव. सांगा, आकाश करतो. आणि त्याला शांत कोण करतं तेही सांगा. स्वप्नालीनं या घरात कधी काही फोडलेलं नाही म्हणावं. एकदासुद्धा नाही.

स्वप्नाली : एकदासुद्धा, असं नको सांगू. कपाटाचा आरसा मी फोडला होता.

भागीरथी : काहीतरीच. तो आकाशनं फोडला.

स्वप्नाली : मी. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी. पप्पा पेढे आणायला निघाले, तेवढ्यात याचं सुरू झालं, आणि पेढे राहिले. रात्रीपर्यंत कोणी टक्के पण विचारले नाहीत. तू पाणी भरायला खाली गेलीस, तेव्हा वरवंटा उचलला आणि मारला.

गयाबाई : येवढं मॅडमला नाय सांगत मी. चलते, नायतर पाच वाजतील.

भागीरथी : पण मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मी फोडला. दोन रट्टे दिले मी त्याला.

स्वप्नाली : माहीत आहे. मी दारातच होते.

भागीरथी : तू सांगितलं होतंस त्याला, असं म्हण म्हणून?

स्वप्नाली : नाही गं. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.