रायेनचे कान

(चिलोए बेटावरचं एक स्वयंपाकघर. एदुविना आणि दोन वर्षांनी गावी आलेली तिची मैत्रीण हेर्मिंदा मिल्काव, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्या, थापायला बटाटे किसत बसल्या आहेत.)

हेर्मिंदा : म्हणजे दोन वर्षांची झाली तरी तुझी नात रायेन एक अक्षर बोलली नव्हती?

एदुविना : एक नाही. नुसतं बोट दाखवायची. सून यास्ना काळजीनं अर्धी झाली होती. मी आपली तिलाच समजावत होते, की माझा लेक ओमारसुद्धा तीन वर्षांचा होईस्तोवर मुकाच होता, आणि आता त्याला गप्प बसवावं लागतं.

हेर्मिंदा : ते मात्र खरं. त्याच्या लग्नात भाजलेलं कोकरू गार झालं तरी त्याचं भाषण संपेना.

एदुविना : यास्ना उलट बोलायची नाही. पण पोरीवरनं तिची नजर हलायची नाही. एकदा बटाट्याच्या वाफ्यात बदकं शिरली. मी पत्र्याचा डबा बडवत धावले. बदकं पांगली, कुत्रा उठला, शेजारचा अर्नोल्दो दारात आला. रायेन माझ्याकडे पाठ करून शिंपल्यांशी खेळत होती. तिनं मान वळवली नाही.

हेर्मिंदा : तुझ्या लक्षात आलं?

एदुविना : माझ्या कसलं. मी बदकांना शिव्या घालत होते. यास्नानं माझ्या हातातून डबा घेतला, पोरीच्या मागे उभी राहिली नि वाजवला. दहा पावलांवरून, मग पाच. अगदी डोक्यामागे वाजवला तेव्हा कुठे पोरगी वळली.

हेर्मिंदा : बाई गं.

एदुविना : दुसऱ्या दिवशी गावच्या दवाखान्यातून चिठ्ठी आणली. शहरातल्या कानाच्या डॉक्टरची तारीख मिळाली पाच महिन्यांनंतरची. ओमार तिकडे समुद्रात सॅल्मन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला, पंधरा-पंधरा दिवस घरी नाही. मी म्हटलं, थांबू. ही म्हणाली, “आई, तिचे बोलायला शिकायचे महिने हेच आहेत.”

हेर्मिंदा : मग केलं काय तिनं?

एदुविना : दर बुधवारी पहिल्या लाँचनं पोरीला घेऊन शहरातल्या त्या डॉक्टरकडे जायची. कुणी पेशंट आला नाही तर आम्ही आहोत, असं सांगून बाकावर बसायची. संध्याकाळी परत. सहा बुधवार तसेच गेले. सातव्याला आत बोलावलं.

हेर्मिंदा : मला तर नुसती बघूनच बोट लागते.

एदुविना : तिलाही लागते. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी.

हेर्मिंदा : निघालं काय?

एदुविना : कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं. बुडी मारल्यावर आपल्याला ऐकू येतं ना, तेवढंच तिला ऐकू येत होतं म्हणे. दोन्ही कानांत इवल्याशा नळ्या घातल्या. परतताना लाँचचं इंजिन सुरू झालं आणि पोरीनं भोकाड पसरलं. कान दाबून धक्क्यापर्यंत रडली. यास्ना मात्र हसतही होती नि डोळेही पुसत होती.

हेर्मिंदा : तू काही बोललीस तिच्याशी?

एदुविना : दोन दिवसांनी लोकर पिंजताना म्हटलं, माझं ऐकून थांबली असतीस तर? तर म्हणते, “डबा तुम्हीच तर वाजवलात, आई.” बस, एवढंच. पुन्हा कधी विषय नाही. चाळीस वर्षं संसार केला, पण असं माफ करणं मला नाही जमलं.

हेर्मिंदा : तुला? माझी मेंढी एकदा तुझ्या परसात शिरली, ते अजून काढतेस.

एदुविना : सगळा कोबी खाल्ला होता तिनं.

हेर्मिंदा : बरं, बरं. पोर बोलली कधी ते सांग.

एदुविना : लगेच कुठली बोलायला. शहरात मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं तसं यास्ना दिवसभर तिच्यासमोर जमिनीवर बसायची. “ऐक, कोंबडी आली. ऐक, दार वाजलं.” मला वाटायचं, हिचाच घसा बसणार. दोन महिने हेच. मागच्या गुरुवारी रायेननं माझा एप्रन ओढला, चुलीपाशी नेलं. किटलीला उकळी फुटत होती. बोट वर करून म्हणाली, “ऐत.”

हेर्मिंदा : आणि तू?

एदुविना : मी काय करणार? खाली बसले तिच्याशेजारी, नि ऐकलं.