तारा बांधणारा

तपकीर गल्लीतल्या दुकानात मी प्रिंटरची शाई घ्यायला थांबलो होतो. पुढे एक मुलगी आणि तिची आई कॉम्प्युटरचं कॅबिनेट निवडत होत्या.

“हे न्या. सगळे हेच नेतात,” दुकानदार म्हणाला.

“पण यात वायरी मागून न्यायला जागाच नाही. सगळ्या पुढे लोंबणार.”

“मॅडम, झाकण लावल्यावर आत कोण बघतंय?”

“दुरुस्तीला येणारा बघतो,” आई म्हणाली.

“काकू, तुम्हाला यातलं कळतं वाटतं?”

“यातलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं होते.”

“आई, त्यांना ते सांग ना, माझ्या वेळचं.”

“हिच्या वेळी सातवा महिना होता. एका प्रसूतिगृहाचा फोन बंद पडला आणि ड्यूटीवर मी एकटी. पॅनल उघडलं तर हजारो तारा. पण कुणीतरी त्यांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधल्या होत्या, प्रत्येक जुडीला चिठ्ठी. दहा मिनिटांत तुटलेली तार सापडली.”

“नाहीतर?”

“नाहीतर दिवस गेला असता. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कळवलं, त्याच फोनवरून रक्त मागवलं. बाळंतीण वाचली.”

“तारा बांधल्या कुणी होत्या?”

“कळलंच नाही. जो कोणी होता तो माझ्या आधीच बदली होऊन गेला होता. अक्षर मात्र सुरेख होतं.”

“म्हणजे आभार मानायचे राहूनच गेले.”

“राहिले कसे? निवृत्त होईपर्यंत मी एकही तार मोकळी सोडली नाही.”

दुकानदारानं पुढ्यातलं कॅबिनेट बाजूला सारलं.

“माळ्यावर एक आहे, मागून वायरी नेता येतात असं. काढतो. आणि काकू, त्या चिठ्ठ्या कशा लावायच्या, तेवढं दाखवून जा.”